वह्या परत द्या, कोर्सचं नंतर बघू

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पॉइंटर (दहापैकी सरासरी गुणांक) ७.८, एकही केटी (नापास होऊन राहिलेला विषय) नाही. पण कादंबऱ्या, चरित्रं वाचतो आणि प्रत्येक पुस्तकावर वहीत पानंच्या पानं लिहितो. शैक्षणिक कर्ज आहे, प्लेसमेंट जवळ आलंय. म्हणून वह्या कपाटात बंद केल्या, ठाण्याचं ग्रंथालयही सोडायला लावलं. हल्ली तो आमच्याशी फारसं बोलत नाही. एआय, क्लाउड की फुल-स्टॅक, कोणता कोर्स लावू? – एक वडील, ऐरोली

उत्तर : तुम्ही कोर्सचं विचारलंय. मी मात्र ‘हल्ली तो बोलत नाही’ इथेच थांबले. ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाच्या वह्या कुलपात ठेवणं ही शिस्त नव्हे. स्वतःला काय वाटतं ते त्याने तिथे लिहिलं होतं, नेमकं तेच तुम्ही काढून घेतलंत. अभ्यास बुडवला नाही, केटी लावून घेतली नाही. मग ही शिक्षा कशाची? कर्जाची काळजी खरी आहे. पण ती वह्यांवर काढू नका. कर्ज किती, हप्ता किती, कधीपासून, हे त्याला समोर बसवून सांगा. वह्या आजच परत द्या. तुम्ही त्या वाचल्या असतील तर तेही सांगा आणि माफी मागा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांसाठी उभं आहे; तिथलं असो वा दुसरीकडचं, त्याचं सभासदत्व पुन्हा सुरू करा.

सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणजे दिवसभर कोड टाइप करणारा आणि बाकीचं वाचन म्हणजे वेळेची नासाडी, हा समज मुळातच चुकीचा आहे. या कामात वाचावंच फार लागतं : दुसऱ्याने कधीकाळी लिहिलेला कोड, ग्राहकाने अर्धवट सांगितलेली गरज, बगची, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीची तक्रार. लिहावंही लागतं : हा बदल का केला, तो मार्ग का सोडला. ज्यांचा शॉर्टेस्ट पाथ (सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याचा) अल्गोरिदम इंजिनिअरिंगची मुलं शिकतात, त्या एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७५ मध्येच लिहिलं होतं की, गणिताची जाण तर हवीच, पण मातृभाषेवरचं असाधारण प्रभुत्व हे चांगल्या प्रोग्रामरचं सर्वांत मोठं बळ. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम आधी सांभाळलेले फ्रेड ब्रूक्स यांनी त्याच वर्षी मांडलं की, रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो. नव्यांना समजावण्यात आणि आपसात बोलण्यातच वेळ जातो. एखादं पात्र असं का वागलं यावर चार पानं लिहिणारा मुलगा याच कामाची तयारी करतोय, असं माझं ठाम मत आहे.

अर्थात नुसत्या वाचनाने नोकरी मिळत नाही. डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस (डेटाबेसचा विषय), ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय पक्के हवेत. कोडिंगचे प्रश्न रोज सोडवायलाच हवेत. कॅम्पस प्लेसमेंट, एम.टेक.साठीची गेट परीक्षा, एमबीएची सीईटी, हे रस्ते त्याला माहीत असणारच.

कोर्स सध्या कोणताही लावू नका. त्याने एखादा छोटा ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा) प्रकल्प निवडावा, त्याचा कोड पुस्तकासारखा वाचावा, काय पटलं, काय खटकलं ते वहीत लिहावं. मग त्या प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमधला (वापराच्या लेखी माहितीतला) एखादा गोंधळलेला भाग नीट लिहून पाठवावा. मुलाखतीत त्यावर विचारलं तर त्याला पाठ केलेली उत्तरं लागणार नाहीत.