भाडेकरू खोली सोडतोय: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आमच्या दोन खोल्यांत विद्यापीठात शिकणारी तीन मुलं दोन वर्षं राहिली. परीक्षा झाली की मेअखेर जाणार. त्यांच्या कूलरच्या पाण्याने खिडकीखालची भिंत फुगली आहे, पापुद्रे निघालेत. डिपॉझिट २०,००० रुपये आहे. घराला नव्याने रंग द्यायचाच आहे, तर तो सगळा खर्च त्यातून कापावा का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर: सगळा कापू नका. रंग मळणं, खिळ्याची चार-दोन भोकं, दाराच्या कडीपाशी काळपट हात लागणं ही राहण्याची झीज आहे आणि त्यासाठीच तर आपण भाडं घेतो. कूलरच्या पाण्याने भिंत फुगली ती मात्र मुलांची हयगय. कूलरचा फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, अडकला की टाकी भरून वाहते आणि पाणी रात्रभर भिंतीवरून उतरत राहतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, म्हणून त्या जागी पांढरी भुकटी सुटते नि रंग टिकत नाही.

हिशेब दोन भागांत करा. भिंत खरडणं आणि पुट्टी भरणं, ही झाली दुरुस्ती. समजा मिस्त्रीने ३,००० सांगितले, तर ते पूर्ण मुलांकडून घ्या. त्या भिंतीच्या रंगाचे १,५०० होत असतील तर गोष्ट वेगळी. साधा डिस्टेंपर तीन वर्षं धरला आणि ही मुलं यायच्या आधी नवा रंग दिला होता असं मानलं, तर त्यातली दोन वर्षं वापरून झालीत. मुलांच्या वाट्याला ५०० येतात. म्हणजे ३,५०० कापून १६,५०० परत. उरलेल्या घराच्या रंगाचा खर्च तुमचा. मिस्त्रीचा अंदाज कागदावर घेऊन मुलांना दाखवला की वाद बहुतेक तिथेच मिटतो.

नवीन भाडेकरू जूनमध्ये येणार म्हणून घाईने रंग मारू नका. भिंतीच्या पोटात ओल असेल तर पावसाळा सरायच्या आत पुन्हा फुगेल. खरडून झाल्यावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवा. आतून दव धरलं तर आणखी थांबा. खानदेशातल्या पावसाआधीच्या कडक उन्हात दहा-पंधरा दिवसांत बहुतेक भिंती वाळतात. जुलैत मात्र हे काम काढूच नये.

प्रश्न: माझा भाडेकरू दीपनगरला कंत्राटी कामावर आहे, १२ तारखेला घर सोडतोय. वीजबिल पुढच्या महिन्यात येईल. मीटर माझ्या नावावर. त्याच्याकडून किती पैसे घ्यायचे? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर: किल्ली घ्यायच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचा फोटो काढा. मीटरच्या पडद्यावर आकडे फिरत असतात, त्यातला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) लिहिलेला आकडा टिपा; घाईत भलताच टिपला जातो. मागच्या बिलावरचं चालू रीडिंग ८,४१२ आणि आजचं ८,५०६ असेल तर ९४ युनिट त्याची. मागच्या बिलातली थकबाकी वगळून उरलेली रक्कम भागिले युनिट केलं की सरासरी दर निघतो. १६० युनिटांचं १,६०० आलं असेल तर दहा रुपये, म्हणून ९४० घ्या. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. त्या स्वस्त युनिटांवर हक्क जुन्या भाडेकरूचा की नव्याचा, हा वाद सरासरी दराने टळतो.

मागच्या बिलावर खरं रीडिंग आहे ना, तेही बघा. दाराला कुलूप असलं किंवा मीटर दिसला नाही की सरासरीने बिल येतं आणि फरक पुढे एकदम वसूल होतो. तोवर भाडेकरू दुसऱ्या गावी गेलेला असतो.

बिलाबरोबर अतिरिक्त सुरक्षा ठेवीची वेगळी मागणी आली असेल तर ती भाडेकरूवर ढकलू नका. ती ठेव तुमच्या खात्यावर जमा राहते, व्याजही तुम्हालाच मिळतं. त्याने भरली असेल तर परत द्या. आणखी एक: वीजजोडणीला त्याचा मोबाईल नंबर जोडलेला असेल तर तो बदलून घ्या, नाहीतर बिलाचे मेसेज त्यालाच जात राहतील.

प्रश्न: भाडेकरू कुलूप लावून गावी गेला, फोन उचलत नाही. करार मार्चमध्ये संपला, दोन महिन्यांचं भाडं थकलंय. कुलूप तोडू का? (एक वाचक, धुळे)

उत्तर: तोडू नका. आत त्याचं सामान आहे; उद्या तो चोरीची तक्रार घेऊन पोलिसांत गेला तर आतलं कपाट रिकामंच होतं हे तुम्ही कशावरून सांगणार? करारात लिहिलेल्या त्याच्या कायमच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: करार कधी संपला, बाकी किती, कोणत्या तारखेपर्यंत ताबा द्यायचा. तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. ‘सामान नको, खोली उघडा’ एवढं जरी त्याने लिहून दिलं तरी दोन साक्षीदारांसमोर, व्हिडिओ चालू ठेवून उघडा आणि वस्तूंची यादी करा.

उत्तरच आलं नाही तर वकिलामार्फत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे भाडे कायद्याखाली अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीच्या राहण्याच्या परवान्याच्या कराराची) मुदत संपूनही राहत्या घराचा ताबा न देणाऱ्याकडून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ नुसार ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. वीज-पाणी तोडून हाकलायचा मार्ग मात्र त्याच कायद्याने बंद केला आहे.

प्रश्न: आमचा करार नोटरीचा आहे, रजिस्टर नाही. भाडेकरू म्हणतो डिपॉझिट ३०,००० दिलं, आम्ही म्हणतो १५,०००. कुणाचं खरं मानतील? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर: पारडं त्याच्याकडे झुकतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम ५५ नुसार करार रजिस्टर करणं ही घरमालकाची जबाबदारी. करार रजिस्टर नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँकेतून पैसे आले असतील तर खात्याचा उतारा काढा, तोच तुमचा पुरावा. रोख घेतले असतील आणि पावतीही नसेल तर तडजोड करून मोकळं व्हा. पुढचा करार रजिस्टर करा आणि डिपॉझिट कसं मिळालं तेही त्यात लिहा.

प्रश्न: किल्ली घेताना घरात नक्की काय बघायचं? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर: आठवडाभर आधी एक फेरी मारा. ऐनवेळी दोष काढला की भाडेकरूला वाटतं डिपॉझिट दाबायचा डाव आहे. आधी सांगितलं तर निम्म्या गोष्टी तो स्वतःच नीट करून जातो.

न्हाणीत आणि मोरीत दोन-दोन बादल्या पाणी एकदम ओता, तुंबतं का ते लगेच कळतं. फ्लशच्या टाकीत चिमूटभर नीळ टाका नि पंधरा मिनिटं फ्लश ओढू नका. भांड्यात निळा रंग उतरला तर आतला व्हॉल्व्ह गळतोय. नळाच्या तोंडावर क्षार बसलेत म्हणून पैसे कापू नका, पाण्याचाच तो गुण. बेसिनला तडा असेल तर मात्र नोंद करा. पंखे सगळ्या वेगांवर फिरवून बघा. वरची टाकी उघडून बघा, गाळ तुमच्याच खर्चाने काढायचा आहे.

किल्ल्या मोजून घ्या, पण एखादी दुसरी बनवलेली असू शकते, म्हणून नवीन भाडेकरू यायच्या आधी दाराचं लॅच बदलाच. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली असेल तर घर सोडल्याचंही कळवा. शेवटी एका कागदावर तारीख, मीटरचं रीडिंग, किल्ल्यांची संख्या, कापलेली रक्कम कारणासह आणि परत दिलेली रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट परत करताना बँकेतूनच द्या.