निपाणीच्या बंद पडलेल्या एका स्टुडिओत दोन भिंगांचा जुना यशिका मॅट कॅमेरा विकायला आहे. घ्यावा का?

जरूर घ्या, पण आधी खालचं भिंग तपासा. फोटो त्यातूनच निघतो. वरचं नुसतं बघण्यासाठी, तिथे थोडी बुरशी असली तरी चालेल. मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर (बटण दाबून ठेवाल तोवर उघडं राहतं ती खूण) धरून टॉर्च मारा. आपल्या बेळगाव भागात, खानापूरकडे तर जास्तच, पावसाळी ओलीत चामडी केसमध्ये राहिलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसतात. मग १ सेकंदाचा वेग लावून ऐका. वंगण सुकलं असेल तर शटर अडखळतं.

दोन भिंगांची ही घडण गाजवली १९२९ च्या जर्मन रोलायफ्लेक्सनं. यशिका मॅट जपानी, १९५७ पासूनचा. स्टुडिओवाल्या काकांकडे जुन्या निगेटिव्ह असतील तर त्याही आवर्जून मागा, रद्दीत जाऊ देऊ नका. या कॅमेऱ्याला लागणारा १२० चा फिल्म रोल आजही ऑनलाइन मिळतो, त्यात १२ चौकोनी फोटो येतात.