एकच सॉफ्टवेअर लायसन्स ऑफिसमधल्या सहा जणांनी वापरलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात बर्डीला तुमचं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे, माणसं सहा, आणि लागतं ते हिशोबासाठी टॅली, एक्सेल-वर्ड आणि पीडीएफसाठी अ‍ॅक्रोबॅट. दुकानदार म्हणतो, "एक आयडी घ्या अन् सगळ्यांनी चालवा भाऊ, सगळेच करून राहिले."

टॅलीचं योग्य लायसन्स घेतलं तर सहाही जण चालवू शकतात. एक्सेल-वर्डचं तसं नाही. अ‍ॅक्रोबॅट ज्याच्या नावावर, त्यानेच वापरायचं. मी नागपुरातल्या अशाच छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो आणि कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी एकच गोष्ट विचारतो: हे लायसन्स मोजतं काय? मशीन, माणूस, की एका वेळी किती जणांनी प्रोग्रॅम उघडलाय ते?

टॅलीपासून सुरू करू. टॅलीप्राइम सिल्व्हर एका मशीनसाठी असतं. गोल्ड घेतलं तर एका जागेच्या लॅनवर, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर, कितीही जण बसू शकतात. गोल्ड एका मशीनवर अ‍ॅक्टिव्हेट करायचं, बाकीची मशीन लॅनवरून त्याच्याकडून लायसन्स घेतात. म्हणजे ते मशीन सुरू पाहिजे. सकाळी मुख्य पीसी कुणी चालू केला नाही की पाचही जण "टॅली एज्युकेशनल मोडमध्ये गेलं" (म्हणजे लायसन्स सापडलं नाही, नुसतं शिकण्यापुरतं चालतंय) म्हणून फोन करतात. त्या एका पीसीला यूपीएस लावा, उन्हाळ्यात आपल्याकडे लाइटचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. एंट्री करणारा एकच माणूस असेल तर मात्र गोल्डचे पैसे घालू नका, सिल्व्हर पुरतं.

आता एक्सेल-वर्ड, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑफिस सॉफ्टवेअर. इथे मोह मोठा आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली प्लॅन सहा जणांना चालतो, प्रत्येकाला फायली ठेवायला १ टीबी ऑनलाइन जागा आणि प्रत्येकाचं स्वतःचं खातं. तुम्हीही नेमके सहा! पण तो घरगुती वापरासाठी आहे, धंद्यासाठी वापरायचा नाही, हे कंपनीच्या अटींत लिहिलंय. धंद्यासाठी बिझनेस प्लॅन असतात आणि ते माणशी असतात. बिझनेस स्टँडर्डमध्ये एक माणूस पाच कॉम्प्युटर, पाच टॅबलेट आणि पाच फोनवर ऑफिस टाकू शकतो. दुकानदार नेमका इथेच घोळ घालतो. ते पाच कॉम्प्युटर त्या एकाच माणसाचे असतात, पाच माणसांचे नाहीत. माणूस नोकरी सोडून गेला तर अ‍ॅडमिनने त्याचं लायसन्स काढून नव्या माणसाला द्यायचं, पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. आर्टिकलशिपची पोरं येत-जात राहतात, तिथे ही सोय फार कामाची.

सहाही जणांना विकतचं ऑफिस लागेलच असं नाही. लिबरऑफिस फुकट आहे आणि ते काहीच मोजत नाही, दहा मशीनवर टाका. मात्र जीएसटीच्या ऑफलाइन टूलला एक्सेल लागतं, त्यामुळे रिटर्न भरणाऱ्यांना खरं एक्सेल द्या. नुसती पत्रं टाइप करणाऱ्याला नाही दिलं तरी चालतं.

अ‍ॅक्रोबॅटचं वैयक्तिक लायसन्स एका माणसाचं. तो ते दोन कॉम्प्युटरवर अ‍ॅक्टिव्हेट करू शकतो, ऑफिसचा पीसी आणि घरचा लॅपटॉप समजा. तिसरीकडे लॉगिन केलं की आधीच्या मशीनवरून साइन आउट करायला सांगतं. पीडीएफ नुसत्या जोडायच्या-तोडायच्या असतील तर एका माणसाला द्या आणि फायली त्याच्याकडे पाठवा.

थोडी लायसन्स सगळ्यांनी आळीपाळीने वापरायची, ही तुमच्या मनात आहे ती व्यवस्थाही अस्तित्वात आहे, तिला फ्लोटिंग किंवा कन्करंट लायसन्स म्हणतात. सलूनमध्ये तीन खुर्च्या असतात, गिऱ्हाईक पन्नास असली तरी चालतं, रविवारी सकाळी तेवढं ताटकळावं लागतं. लॅनवर एक लायसन्स सर्व्हर, म्हणजे लायसन्स वाटणारं मशीन, असतो. प्रोग्रॅम उघडला की तो सर्व्हरकडे जागा मागतो, बंद केला की परत करतो. तीन जागा गेल्या की चौथ्याला नकार. इंजिनिअरिंगच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये, मॅटलॅबसारख्यांत, हे अजून मिळतं. पण त्याचे ताप वेगळे. कुणी फाइल उघडी ठेवून जेवायला गेला की त्याची जागा अडून बसते, म्हणून अमुक मिनिटं काम नसेल तर जागा काढून घे, अशी सेटिंग करावी लागते. लायसन्स फाइल बहुधा सर्व्हरच्या नेटवर्क कार्डच्या नंबरशी बांधलेली असते. कार्ड बदललं की कंपनीकडून नवी फाइल मागवा. आणि गर्दी नेमकी सगळ्यांना एकदमच हवं असतं तेव्हा होते. तुमच्याकडे २० तारखेला, जीएसटीआर-३बी हे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, तीन खुर्च्यांवर सहा जण भागणार नाहीत. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने तर २०२० मध्ये असली नेटवर्क लायसन्स बंद करायला सुरुवात करून माणशी हिशोब धरला, त्यामुळे ऑटोकॅडवाल्या आर्किटेक्टांनाही हा रस्ता उरला नाही.

"एका आयडीवर सगळे" यात कायद्याचा भाग आहेच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३बी प्रमाणे बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. पण मला रोजचा त्रास जास्त मोठा वाटतो. ओटीपी एकाच फोनवर येतो आणि तो फोनवाला लग्नाला अमरावतीला गेलेला असतो. सगळ्यांच्या फायली एकाच वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेत), म्हणजे एका क्लायंटचं पॅन आणि बँक स्टेटमेंट सहाही जणांना उघडं. आणि सोडून गेलेल्या पोराकडे पासवर्ड तसाच.

दुकानदाराने पुढे "विंडोजच्या एकाच पीसीवर रिमोटने सगळे बसा" असंही सुचवलं तर थांबा. साध्या विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी एकच माणूस बसतो. ती मर्यादा तोडणारे पॅच मिळतात, पण ते अटींबाहेरचे. रीतसर करायचं तर विंडोज सर्व्हर आणि वर बसणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळं अ‍ॅक्सेस लायसन्स लागतं, सहा माणसांच्या ऑफिसला ते जड जातं.

पैसे देण्याआधी कोटेशनवर प्लॅनचं पूर्ण नाव आणि "किती यूजर, किती डिव्हाइस" लिहून घ्या. बिल फर्मच्या नावाने, तुमच्या जीएसटी नंबरसकट घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट कशाला सोडायचं? टॅली ज्या मशीनवर अ‍ॅक्टिव्हेट आहे ते फॉरमॅट करायला देण्याआधी त्यावरून लायसन्स सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून मोकळं करा, आणि मगच नव्या मशीनवर टाका.