आजी म्हणते, "बरं वाटून नाही राहिलं"

भाऊ, आता घरी आजीजवळ तूच आहेस, म्हणून सांगतो. "वय झालं, चालायचंच" हे वाक्य आधी गिळ. मोबाईल ठेव, बाजेवर टेक, हात हातात घे अन् विचार, "कवापासून व आजी?" मधे तोडू नकोस. गोष्ट गुडघ्यावरून कापसाच्या भावावर जाईल, जाऊ दे. हात धरला की ताप, थरथर, घाम आपोआप कळतो.

म्हातारपणी हार्ट अटॅकला छाती दुखेलच असं नाही. एकदम दम लागला, गार घाम सुटला, किंवा लकव्यासारखं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर गप्पा बंद. सरळ १०८ लाव.

बीपीच्या गोळ्यांचं पाकीट स्वतः पाहा. संपल्या तरी खर्च नको म्हणून बुढी माणसं सांगत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात, हेही तिला सांग. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हातही म्हाताऱ्या माणसांना तहान कमीच जाणवते. "पाणी पी" असं ओरडण्यापेक्षा ताकाचा गिलास हाती दे. अन् संध्याकाळी तूच विचार, "आता कसं वाटते?" दवाखान्यात न्यायचं तर चारचौघांत नको, तिलाच विचारून ठरव.