काजं कुठल्या पट्टीवर?

मागच्या अंकात चार जुने फोटो छापून विचारलं होतं, हे बेसबॉलवाले कोण? उत्तरं अशी: पहिला होनस वॅग्नर, दुसरा एडी प्लँक, तिसरा मॉर्डेकाय ब्राउन. चौथ्या फोटोत माणूस नव्हे, दौरा ओळखायचा होता. ठाण्याच्या एका गृहस्थांनी चारही ठिकाणी 'बेब रूथ' हे बेसबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं नाव लिहून पाठवलं. चौथ्या फोटोत घोळकाच्या घोळका आहे, तरीही. त्यांच्या चिकाटीला नमस्कार. बाकी पत्रांतले निवडक प्रश्न घेते.

ताई, सगळ्यांच्या टोप्या सारख्या, कपडे सारखेच ढगळ, पाठीवर नंबर नाही. ओळखायचं कशावरून? ही स्पर्धा आहे की मटका?
— एक वाचक, पुणे

पुण्याच्या मानाने पत्र सौम्य आहे, म्हणून पहिला मान तुम्हाला.

नंबर नाही, कारण तेव्हा नंबर नव्हतेच. पाठीवर कायमचे नंबर आले १९२९ साली, न्यूयॉर्क यांकीज आणि क्लीव्हलंड या दोन संघांत. यांकीजनी ते फलंदाजीच्या क्रमाने वाटले, म्हणून तिसरा येणारा रूथ ३ आणि त्याच्यामागून येणारा लू गेरिग ४. हसू नका, आपल्या कसोटीतल्या पांढऱ्या कपड्यांवर नाव-नंबर यायला २०१९ उजाडलं.

म्हणून आधी साल ठरवायचं, मग माणूस. भरघोस मिशा दिसल्या तर बहुतेक १८८०-९० च्या आसपासचा फोटो. पुढे मिशा गेल्या, त्या ओकलंडच्या संघात १९७२ ला पुन्हा उगवल्या. कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, नडग्यांवर पॅड दिसलं तर १९०७ किंवा त्यानंतरचं. ग्लोव्हमध्ये अंगठा आणि तर्जनीच्या मधे चामड्याची जाळी विणलेली असेल तर १९२० नंतरचं. त्याआधीचे ग्लोव्ह म्हणजे फुगलेली पुरणपोळी. मैदानातल्या गवतावर ग्लोव्ह बेवारशी पडलेला दिसला तर १९५४ च्या आधीचा फोटो. तोवर डाव संपला की खेळाडू ग्लोव्ह तिथेच टाकून बाकावर जात.

चेहरा सगळ्यात शेवटी बघा. टोपीखालचे ऊन खाल्लेले चेहरे सगळे एकमेकांचे चुलतभाऊ वाटतात.

पहिला फोटो टाय कॉबचा नाही असं कसं? बॅट धरताना दोन हातांत अंतर ठेवण्याची पद्धत त्याचीच.
— शिकागोहून

तुमचं निरीक्षण खरं आहे. कॉब दोन मुठींत अंतर ठेवून बॅट धरायचा. पण वॅग्नरही तशीच धरायचा. १९०९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे वर्षाच्या अंतिम लढतीत, वॅग्नरचा पिट्सबर्ग आणि कॉबचा डेट्रॉइट समोरासमोर आले तेव्हा दोघांचा एकत्र फोटोही काढलेला आहे. फरक एवढाच की कॉब डावखुरा फलंदाज, वॅग्नर उजवा. फोटोतला माणूस उजव्या हाताने खेळतोय. शिवाय पाय बघा. घोड्यावरून आत्ताच उतरल्यासारखे बाकदार पाय फक्त वॅग्नरचे. आमच्या पिट्सबर्गला स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, येता-जाता दिसतो. म्हणून या बाबतीत मी जरा पक्षपाती आहे.

ताई, मी शिंपी. बेसबॉल कधी पाहिला नाही, पाहायचाही नाही. पण दुसऱ्या फोटोतल्या माणसाचा सदरा बायकी आहे की तुमचा फोटो उलटा आहे?
— सोलापूरहून

काका, हे पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना कान लाल झाले.

ज्यांनी मागचा अंक रद्दीत घातला त्यांच्यासाठी सांगते. दुसऱ्या फोटोत पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, चेंडू टाकण्याआधी दोन्ही हात छातीशी घेऊन उभा आहे. ग्लोव्हमागे छातीवरचं अक्षर झाकलंय. गळ्यापाशी तीन बटणं दिसतात. पुरुषांच्या सदऱ्यात काजं डाव्या पट्टीवर आणि बटणं उजव्या, म्हणजे डावी पट्टी वर येते. बायकांच्या कपड्यांत बरोब्बर उलट. आणि या फोटोत उजवी पट्टी वर आहे. मी भिंग घेऊन बसले, काजाच्या कडेचा दोरासुद्धा दिसला. काका म्हणतात तेच खरं.

झालं असं की हा फोटो काचेच्या निगेटिव्हवरून आला. काच पारदर्शक, दोन्ही बाजूंनी चित्र दिसतं; मसाल्याची, म्हणजे रसायनाचा थर असलेली, बाजू चुकीची धरली की डावं-उजवं फिरतं. स्कॅन करताना मी तीच चूक केली. खालच्या कडेला फोटोग्राफरने हाताने लिहिलेला मजकूर होता, तो उलटा वाचून तरी लक्षात आलं असतं. पण ती कड 'चौकट सुबक दिसावी' म्हणून मीच कापली होती. हौस!

चूक साधी नव्हती. एडी प्लँक हा फिलाडेल्फियाचा डावखुरा पिचर, डाव्या हाताने ३०० च्या वर सामने जिंकलेला. डावखुऱ्याचा ग्लोव्ह उजव्या हातात असतो. मी छापलेल्या फोटोत तो डाव्या हातात आला, आणि ज्या जाणकारांनी 'हा प्लँक असूच शकत नाही' असं लिहिलं ते सगळे माझ्यामुळे फसले. त्या सगळ्यांचं उत्तर बरोबर धरलं आहे.

याहून मोठ्या लोकांनीही हेच केलंय, एवढाच माझ्या मनाला आधार. १९५७ च्या टॉप्स कंपनीच्या कार्डावर हँक ॲरन डावखुरा दिसतो. तो आयुष्यभर उजवा खेळला, निगेटिव्ह उलटी छापली गेली. आणि जुने टिनटाइप, म्हणजे लोखंडी पत्र्यावर काढलेले फोटो, ते तर कॅमेऱ्यातूनच उलटे निघायचे. १८६०-७० चा कुठलाही 'डावखुरा' दिसला की आधी बटणं मोजायची.

माझ्या आईने दादरच्या दीड खोलीत उषा मशीनवर शेजारपाजारचे ब्लाउज शिवले. काजं करायला मला बसवायची. तरी दिसलं नाही. काका, बक्षीस तुमचं.

तिसरा फोटो मी क्रिस्टी मॅथ्यूसन लिहिला. चेहरा हुबेहूब आहे. गुण का कापले?
— न्यू जर्सीहून

दादा, वर म्हटलं तेच: चेहरा सोडा, उजवा हात बघा. चेंडू धरलाय त्या हाताची तर्जनी जवळजवळ नाहीच, बाकीची बोटंही वाकडी. मॉर्डेकाय ब्राउन, इंडियानातला शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी गुरांचा चारा कापायच्या यंत्रात हात गेला. आपल्याकडे कडबाकुट्टीत ज्यांची बोटं गेली त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. त्या हातातून सुटलेला चेंडू असा काही वळायचा की धडधाकट हाताच्या पिचरना ते जमेना. लोक त्याला 'थ्री फिंगर' म्हणत. खरं नाव त्याहून मजेशीर: मॉर्डेकाय पीटर सेंटेनियल ब्राउन. जन्म १८७६ चा, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं शंभरावं वर्ष, म्हणून मधे 'शतक' घातलं.

तुमची गफलत अगदीच निराधार नाही. ८ ऑक्टोबर १९०८ ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर न्यूयॉर्कचा पिचर मॅथ्यूसन याच्यासमोर शिकागोला पहिल्याच डावात ब्राउनला आणावं लागलं, आणि शिकागोने ४-२ असा सामना मारून लीगचं विजेतेपद नेलं. दोघांची नावं तेव्हापासून जोडीनेच घेतली जातात.

स्फिंक्सवर बेसबॉलवाले? हा चौथा फोटो कॉम्प्युटरवर जुळवलेला नाही ना?
— सातारा

नाही हो, अस्सल आहे, फेब्रुवारी १८८९ चा. खेळाचं सामान विकणाऱ्या अल्बर्ट स्पॉल्डिंगने दोन संघ घेऊन जगप्रवास काढला. ऑस्ट्रेलियात खेळले, कोलंबोत खेळले, मग इजिप्त. पिरॅमिडजवळच्या वाळूत सामना झाला आणि ही मंडळी पोशाखासकट स्फिंक्सच्या अंगाखांद्यावर चढली. आज कोणी चढू देईल का! कोलंबोपर्यंत येऊन मुंबईत मात्र उतरले नाहीत.

गराज सेलमध्ये पाच डॉलरला वॅग्नरचं सिगरेटच्या पाकिटातलं कार्ड मिळालं. पण त्यावर पिट्सबर्गच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा एच नाही. म्हणजे नकली ना?
— एडिसनहून

एच नसणं हा तर चांगला भाग आहे. १८९० च्या सुमारास सरकारी मंडळाने आमच्या शहराचा एच काढून घेतला, लोक भांडले, १९११ ला परत मिळाला. ही कार्डं १९०९ ते १९११ ची, म्हणजे एच नसणारच. (यावरून भलत्या फोटोचं साल ठरवू नका. गावातले हट्टी लोक मधली सगळी वर्षं एच लिहीतच होते.)

पण हुरळू नका. अस्सल कार्डं साठेकच्या आत-बाहेर शिल्लक आहेत. २०२२ मध्ये एक ७२.५ लाख डॉलरना गेलं. इतकी कमी का, यावर दोन मतं: वॅग्नरला तंबाखूसोबत आपलं चित्र मुलांच्या हाती जायला नको होतं, किंवा त्याला पैसे हवे होते. नकला मात्र पोत्याने आहेत. भिंगाखाली खालचं नाव बघा. अस्सल कार्डावर अक्षरं एकसंध तपकिरी शाईची असतात. बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसली तर नक्कल. पाच डॉलर काही फार नाहीत, फ्रेम करून लावा.

या वेळचा फोटो शेवटच्या पानावर आहे. क्लीव्हलंडचा खेळाडू, बाहीवर काळी फीत. १९२० च्या ऑगस्टमध्ये त्यांचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून गेला, त्यानंतरचा. एवढं सांगितलं, आता नाव तुम्ही शोधा. खालची कड कापलेली नाही, आणि काजं दोनदा तपासली आहेत.