हार्डवेअर संशोधनात यायचंय? कंपायलरही शिक
पीएचडीसाठी प्रोसेसर डिझाइन निवडतोयस, छान! पण नुसत्या सर्किटमध्ये अडकू नकोस; कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं प्रोसेसरच्या सूचनांत भाषांतर करणारं सॉफ्टवेअर, तेही शिक. संगणकशास्त्रज्ञ जॉन हेनेसींची वाट एकदा नीट बघ. 1977 मध्ये ते स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले, पण त्यांची पीएचडी मात्र कम्प्युटर सायन्समधली. 1981 मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी मिप्स या प्रोसेसर चिपचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा हे दुहेरी शिक्षण कामी आलं.

त्या चिपमागचा विचार मला आजही विलक्षण वाटतो. पाइपलाइनमध्ये, म्हणजे अनेक सूचना एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांत चालू असताना, एका सूचनेचा निकाल पुढच्या सूचनेला वेळेत मिळणार नसेल, तर तिला थांबवायला एरवी हार्डवेअरमध्ये जादा सर्किट लागतं. मिप्सने ती जबाबदारी कंपायलरवर टाकली. त्याने सूचनांचा क्रम बदलायचा, नाहीच जमलं तर मध्ये रिकामी सूचना घालायची. चिप सुटसुटीत झाली. कंपायलर न कळणाऱ्याला हे सुचणं कठीणच होतं.

म्हणून पहिल्या सत्रात वेरिलॉग या सर्किट लिहिण्याच्या भाषेइतकाच वेळ कंपायलरला दे. रिस्क-फाइव्हचा सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांची यादी, सगळ्यांना वापरायला खुला आहे. त्यावर पाच टप्प्यांचा छोटा कोअर (प्रोसेसरचा गाभा) लिही, एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर, चढव, खरे प्रोग्राम चालव आणि मोज. गाइडसमोर अंदाज नको, आकडे ठेव.

पेपर छापून आला की काम संपलं, असंही मानू नकोस. हेनेसींनी 1984 मध्ये सहकाऱ्यांसोबत मिप्स कंपनी काढली. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पॅटरसन यांच्याबरोबर त्यांना मिळालेलं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला मोठा सन्मान, 2017 चं! तुझा कोअर चालला की कोड खुला कर, म्हणजे इतरांना तो तपासता येईल.