जपानी 'मा'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: "घरसजावटीवरच्या लेखांत हल्ली 'मा' हा जपानी शब्द सारखा भेटतो. अर्थ कुठे 'रिकामेपणा' दिलेला असतो, कुठे 'पोकळी', कुठे 'शून्य'. मातीचा वाडगा, वाऱ्यावर वाजणारी छोटी घंटा अशा मन निवांत करणाऱ्या वस्तूंनाही 'मा' म्हटलेलं वाचलं. नेमका अर्थ काय, आणि मराठीत काय म्हणावं?"

आधी वस्तूंचा गैरसमज दूर करू. वाडगा किंवा घंटा म्हणजे मा नव्हे. जपानी घरात 'तोकोनोमा' नावाचा एक कोनाडा असतो. त्यात गुंडाळून ठेवता येणारं लांबट चित्र टांगतात आणि खाली एखादंच फूल ठेवतात. त्या फुलाभोवती जी जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते, तिच्याशी 'मा'चा संबंध आहे. घंटेचंही तसंच. जपानी उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना 'फूरिन' टांगतात. तिच्या लोलकाला कागदाची पट्टी असते, वाऱ्याने ती हलली की किण् असा आवाज होतो. मग वारा पडतो. पुढची किण् कधी येईल ते ठाऊक नसतं आणि आपण नकळत कान देऊन बसतो. हे कान देऊन बसणं ज्या वेळात घडतं, तो मा.

उच्चाराबद्दलही सांगतो. आपण 'मा' लिहितो, पण जपानीत हा 'आ' आखूड आहे, आईच्या 'मा'सारखा लांबवायचा नाही.

या शब्दाचं चित्राक्षर दोन झडपांच्या दाराचं आहे आणि झडपांच्या मध्ये सूर्य आहे. जुन्या रूपात सूर्याच्या जागी चंद्र होता. दार मिटलेलं, पण फटीतून उजेड आत येतो आहे! हे पाहिल्यावर 'पोकळी' किंवा 'शून्य' हे शब्द मला तरी वापरवत नाहीत. पोकळीत काही नसतं. इथे दोन गोष्टी आहेत, त्यांच्यामध्ये अंतर आहे आणि त्या अंतरातून काहीतरी येतं आहे.

हेच अक्षर, 'कान' अशा उच्चाराने, 'जिकान' म्हणजे काळ आणि 'कूकान' म्हणजे स्थल या दोन्ही शब्दांत आहे. रोजच्या बोलण्यातही ते मुरलेलं आहे. वेळेत पोहोचण्याला 'मानिआउ' म्हणतात, म्हणजे मा जुळणं. चुकीला 'माचिगाइ', त्यात 'मा' आणि 'न जुळणं' यांचा जोड. बावळट माणूस 'मानुके', म्हणजे ज्याच्यातला मा गळून गेला आहे तो. शब्द नुसता 'रिकामेपणा' अशा अर्थाचा असता, तर तो गळाल्यावर माणूस बावळट कशाला ठरला असता?

'नोह' या जपानच्या पारंपरिक नाट्याचे पंधराव्या शतकातले आचार्य झेआमी यांनी याबद्दल फार नेमकं सांगून ठेवलं आहे. नट काहीच करत नाही ते क्षण प्रेक्षकांना विशेष भावतात, आणि याचं कारण असं की त्या क्षणीही नटाचं मन सैल पडलेलं नसतं. एक हालचाल संपली, दुसरी सुरू व्हायची आहे, आणि मधलं सगळं त्याने मनाने धरून ठेवलेलं आहे. मला विचाराल तर 'मा'ची याहून चांगली व्याख्या नाही.

आता मराठी. एका अर्थासाठी आपल्याकडे तंतोतंत शब्द आहे, आणि तो सापडला तेव्हा मला विलक्षण आनंद झाला: खण. चोळीचा किंवा टेबलाचा नव्हे, घराचा. जुन्या घरांचं माप आपण खणांत सांगतो, 'तीन खणी घर', 'पाच खणी माडी'. खण म्हणजे दोन खांबांमधली किंवा दोन तुळयांमधली जागा. 'मा'चंच अक्षर जपानीत 'केन' असंही वाचतात, आणि केन म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. पुढे ते सुमारे 1.8 मीटरचं ठरावीक मापही झालं. क्योतोत 'सान्जूसान्गेन्दो' नावाचं एक लांबलचक मंदिर आहे, कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या 1001 मूर्तींचं. 1266 साली पुन्हा उभारलेली ती वास्तू आजही तिथे आहे. त्या नावातला 'गेन' म्हणजे हा केनच, आणि नावाचा सरळ मराठी अर्थ होतो 'तेहेतीस खणी देऊळ'. इतके खांब आहेत असं न म्हणता खांबांमधल्या जागा मोजायच्या, ही सवय त्यांच्या सुतारांना होती तशी आपल्याही होती.

पण नाटकातल्या, चित्रातल्या, बोलण्यातल्या 'मा'ला खण पुरणार नाही. त्याला जागा आणि वेळ दोन्ही पोटात घेणारा शब्द हवा. 'अंतर' बरा आहे, पण त्यात दुरावा येतो. 'विराम' फक्त वेळेचा. 'उसंत'मध्ये दमणूक गृहीत आहे. मी 'अवकाश' सुचवतो. तो आता यानांमुळे आकाशात जाऊन बसला आहे, पण घरातला अवकाश विसरू नका. 'गाडीला अजून अवकाश आहे' म्हणजे वेळ आहे. 'आजी दारात यायचा अवकाश, की पोरं गळ्यात पडायची', इथे तर दोन घटनांमधली ती बारीकशी, भरलेली फट थेट पकडली आहे. आणि पंगतीत यजमान वाकून म्हणतो, 'सावकाश होऊ द्या', तो सावकाश म्हणजे स-अवकाश, अवकाशासह. दोन घासांमध्ये जागा ठेवून जेवा, असंच तो सांगत असतो.

तेव्हा भाषांतर करताना वास्तूबद्दल असेल तिथे 'खण', बाकी 'अवकाश', आणि जिथे वाक्यच मराठी वळणाने सांगता येईल तिथे शब्दासाठी अडून बसू नये. 'त्या कथेकऱ्याला मा उत्तम कळतो' याचं मराठी 'कुठे थांबायचं ते त्याला बरोबर कळतं' असंच होईल. सजावटीच्या लेखात 'भिंतीवर मा निर्माण करा' असं वाचलंत, तर 'चित्राभोवती भिंतीला अवकाश राहू द्या' असं लिहा.